थोरला उतरला

"धर घट्ट," डॉक्टर महत्तया म्हणाले, "आणि त्याच्या तोंडाकडे बघू नकोस."

पोडीमेनिकेने मांडी धरली. मांडी शिपायाची होती, मिसरूड फुटलेल्या पोराची, आणि गोळी या बाजूने शिरून त्या बाजूने निघून गेली होती. टेबलावरून रक्त खाली बादलीत ठिबकत होतं. पोरगा "अम्मे, अम्मे" करून आईला हाका मारत होता. आई कुठे असायची, खाली दक्षिणेकडे समुद्रकाठी कुठेतरी मासे सुकवत बसली असेल बिचारी.

कोहोंबवेवाच्या दवाखान्यात पोडीमेनिका वीसेक वर्षं कामाला होती. झाडणं, पुसणं, सुया उकळणं आणि धरणं. त्यातही धरणंच जास्त. अडलेली बाळंतीण धरायची, विळ्याने पाय कापलेला धरायचा, पिकावरचं औषध प्यालेली सून तर चौघांनी मिळून धरायची. डॉक्टर अबेकोन महत्तया, म्हणजे अबेकोन साहेब, काही खरे डॉक्टर नव्हते, औषधं देण्याचं शिक्षण झालेले होते. पण खरे डॉक्टर जिल्ह्याच्या गावापलीकडे कधी पाऊल टाकत नाहीत, तेव्हा टाके घालणं, मोडलेलं सांधणं, मेलेल्याचे डोळे मिटणं, सगळं यांच्याच गळ्यात. माणूस वाईट नव्हता. भित्रा होता, पण त्या वर्षी भित्रा कोण नव्हता?

गाव तसं सोयीचं. एकच रस्ता, पण डांबरी. तिठ्यावर पिंपळ, पिंपळाखाली बसथांबा, समोर सोसायटीचं दुकान, पलीकडे पोस्ट. पोस्टात टेलिफोन, तो त्याची मर्जी असेल तेव्हा बोलायचा. वीज आली ती भातगिरणीपर्यंत आली आणि तिथेच दम खाऊन बसली. मागे तळं, तळ्याखाली कालव्याकालव्याने उतरत गेलेली शेतं. त्या वर्षी एकेक सोय जायला लागली. बंड करून रानात शिरलेल्या पोरांनी बस जाळली, विजेचा खांब पाडला, दुकान उघडाल तर हात तोडू म्हणून बजावलं. मग लष्कर आलं, त्याने तळ्याकाठच्या विश्रामगृहात तळ ठोकला आणि दुकान बंद ठेवाल तर हात तोडू म्हणून बजावलं. तेव्हापासून सकाळी पुलावर कोण पडलंय ते बघून मग लोक चूल पेटवायचे. पुलावर टायरचा काळा वास कायमचा बसला होता.

दारात हवालदार उभा होता, बंदूक खांद्याला, डोळे तांबारलेले. रात्रभर जागा असावा. "सापळाच लावला होता हरामखोरांनी," तो म्हणाला. "आम्ही रात्री बंधाऱ्यावरून येतोय, तर वरून कोणीतरी ओरडला, 'थोरला उतरला, वाट सोडा.' आणि लगेच बार. धडाधड."

डॉक्टर महत्तयांच्या हातातली सुई थांबली.

खरं सांगायचं तर पोडीमेनिकेला आधी हसूच आलं. बार कसले, फटाके ते. थोरला रानातून तळ्यावर उतरला की माळ्यावरचा राखणदार पहिल्यांदा ओरडून लोकांना वाट सोडायला सांगतो आणि मग मोठा फटाका पेटवून फेकतो. शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेली गोष्ट. फटाका फुटला, हे घाबरले, अंधारात आपापसांतच गोळ्या झाडल्या आणि आपल्याच माणसाची मांडी फोडली. पण हसू ओठांपर्यंत यायच्या आतच विरलं. काल बंधाऱ्यावरच्या माळ्यावर तिचा धाकटा भाऊ होता, उक्कुबंडा.

"तुमच्या गावात हा थोरला कोण?" हवालदाराने विचारलं. सहज विचारल्यासारखं विचारलं, पण नजर सहज नव्हती.

पोडीमेनिकेने तोंड उघडलं, तेवढ्यात डॉक्टर महत्तयांचा बूट तिच्या पायावर पडला. "थोरला?" ते म्हणाले. "थोरल्या भावाला म्हणतात थोरला. सगळीकडेच म्हणतात, त्यात काय."

हवालदाराने मान हलवली आणि बाहेर जाऊन विडी पेटवली. तो लांब गेल्यावर डॉक्टर महत्तया दबक्या आवाजात म्हणाले, "बोलायचं नाही. एक शब्द बोललो की दहा विचारतात. निस्तरेल आपोआप."

"महत्तया, तो माझा मल्ली आहे. धाकटा भाऊ आहे हो माझा."

"त्याचं नाव कुठे कोण घेतंय? दुपारी जा आणि त्याला मामाच्या गावी पाठवून दे. आता धर इथे."

तिने धरलं. दुपारी जाऊ, असं तिनेही मनाशी म्हटलं. पण दुपार व्हायच्या आतच जीप आली. "दोघं चला. टाके घालायचं सामान घ्या," एवढंच शिपाई बोलले.

विश्रामगृहात पूर्वी बदलीवर आलेले साहेब उतरायचे. व्हरांड्यातून तळं दिसतं, पलीकडे निळे डोंगर. मागच्या न्हाणीघरात त्यांना नेलं. तिथे नळाच्या खांबाला एक माणूस बांधला होता आणि त्याचं तोंड इतकं सुजलं होतं, की पोडीमेनिकेने पहिल्यांदा ओळखलंच नाही. ओठ फाटून हनुवटीवर लोंबत होता. उजव्या हाताची बोटं भलतीकडेच वळली होती. तळपायांची कातडी निघाली होती आणि जमिनीवर पाणी ओतून ओतून रक्त मोरीपर्यंत गुलाबी होत गेलं होतं.

"अक्का," तो माणूस म्हणाला, "तू कशाला आलीस इथं?"

तिच्या हातातला डबा खाली पडला. सुया फरशीभर झाल्या.

मागे कॅप्टन उभा होता. तरुण, गोरटेला, मोठ्या शाळेत शिकलेला, आवाज कधी न चढवणारा. "त्याला बोलता येईल इतकंच करा," तो म्हणाला. "ओठ शिवा. बाकी राहू दे."

डॉक्टर महत्तयांनी सुई ओवली. दोरा काही केल्या जाईना, तेव्हा तो पोडीमेनिकेने ओवून दिला. मग ती भावाजवळ उकिडवी बसली आणि त्याचं डोकं मांडीवर घेतल्यासारखं धरलं. "मल्ली, सांगितलं का नाहीस रे बाबा यांना?"

"सांगितलं की, सकाळपासून सांगतोय. थोरला म्हणजे थोरला. तळ्यावर पाणी प्यायला येतो तो. मोठ्या पायाचा. तर म्हणतात, नाव सांग." उक्कुबंडाने थुंकी गिळली, तिच्यात दात होता. "नाव कसं घेऊ, अक्का? भात उभं आहे अजून."

"ऐकलंत?" कॅप्टन म्हणाला. "पहाटेपासून हेच चाललंय. थोरला येतो, थोरला जातो, थोरल्याला वाट द्यावी लागते. आणि नाव विचारलं की नाव घेता येत नाही. इतकी माणसं बघितली मी, नखं काढल्यावर आपल्या बापाचं नाव सांगतात. हा नाही सांगत. कोण आहे हा एवढा मोठा?"

पोडीमेनिकेने वर पाहिलं. "जनावर आहे, महत्तया."

"कुठलं जनावर?"

आता झाली का पंचाईत. चाळिशी उलटून गेलेली बाई ती, पण ते नाव काही जिभेवर येईना. कणसं भरायला लागली की त्याचं नाव घ्यायचं नाही. भात कापून, मळून, कोठारात पडेपर्यंत घ्यायचं नाही. साप तो लांबडा, डुक्कर तो खालमुंड्या आणि तो तो थोरला. नाव घेतलं की त्याला कळतं आणि तो येतो. लहानपणी एकदा ती खेळता खेळता बोलून गेली होती, तर आईने जळतं लाकूड उचललं होतं. त्या साली कळपाने त्यांचं भात आडवंही केलं होतं. योगायोग म्हणा हवं तर. पण त्या वर्षी घरात रताळी उकडून खाल्ली, ती काही योगायोगाने पचली नव्हती.

भावाची मोडलेली बोटं तिच्या गुडघ्याशी होती.

"हत्ती," ती म्हणाली. "हत्तीला म्हणतो आम्ही थोरला. तो हत्ती आला म्हणून ओरडला, महत्तया. हत्ती."

उक्कुबंडाने डोळे मिटले. "काय केलंस हे, अक्का," तो म्हणाला. "महिन्यावर विळा आला होता."

कॅप्टन हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं, एखादी लाथ घालून त्याने सोडून दिलं असतं. तो विचारात पडला. न्यायाने वागायची हौस होती त्याला, तीच नडली. "हत्तीला हत्ती म्हणायला काय होतं?" त्याने विचारलं.

"कणसं भरल्यावर म्हणत नाहीत, महत्तया. त्याला ऐकू जातं."

"आमच्याकडे असलं काही नाही. पण असेल, रानात असतीलही असली खुळं." तो खिडकीपाशी जाऊन परत आला. "तू बहीण. बहीण काहीही बोलेल. दुसऱ्या कोणीतरी मला हेच सांगू दे, मी आत्ता दोर सोडतो." तो वळला. "डॉक्टर, तुम्ही किती वर्षं आहात इथे?"

"बरीच झाली, महत्तया."

"मग? थोरला म्हणजे काय?"

डॉक्टर महत्तयांनी ओठातून सुई ओढून घेतली. दारात हवालदार होताच, भिंतीला टेकलेला. तो म्हणाला, "सकाळी मी यांना विचारलं होतं, सर. तेव्हा म्हणाले, थोरल्या भावाला म्हणतात."

"असं?" कॅप्टन म्हणाला. "मग सकाळी खोटं बोललात, की ती आत्ता बोलतेय?"

पोडीमेनिका डॉक्टर महत्तयांकडे बघत होती. किती बाळंतपणं या दोघांनी मिळून केली होती, किती मेलेली माणसं धुतली होती. शेजारच्या शेताचे अर्धेली मालक हेच. दर हंगामात माळ्यावर चहा पाठवून विचारायचे, "काय उक्कुबंडा, थोरला काय म्हणतो?" तिला वाटलं, आता बोलतील. त्यांच्या कपाळावरून घामाचा थेंब ओघळून चष्म्याच्या काचेवर थांबला.

"मी मूळचा इकडचा नाही, महत्तया," ते म्हणाले. "यांच्या बोलीतलं मला फारसं माहीत नाही."

कानांवर हात ठेवले आणि मोकळे झाले.

"रत्नायक महत्तयांना विचारा," पोडीमेनिका म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. "सोसायटीचे मॅनेजर. जन्मले इथंच. त्यांच्याच शेतावर राखण करतो हा. त्यांना विचारा, तुमच्या पाया पडते."

कॅप्टनने बोलावणं पाठवलं. तेवढ्या वेळात डॉक्टर महत्तयांनी ओठ पुरा शिवला आणि खाली सांडलेल्या सुया एकेक करून वेचल्या. मान वर केली नाही. उक्कुबंडा बहिणीला हळूच म्हणाला, "माळ्यावर कोण बसलंय आता?"

"कोणी नाही."

"मग येणार तो. वरच्या कालव्याने येईल."

रत्नायकला दोघा शिपायांनी बखोटीला धरून आणलं. गोल अंगाचा, पांढऱ्या स्वच्छ शर्टातला माणूस, शर्ट पाठीला चिकटला होता. आठवडाभरापूर्वी रानातल्या पोरांनी त्याला घरातून उठवून नेलं होतं आणि तांदूळ घेऊन सोडलं होतं. लष्कराला ते कळलं असेल, याच धास्तीने त्याचं जेवण तुटलं होतं. खांबाला बांधलेला माणूस बघताच त्याची पाचावर धारण बसली.

"घाबरू नका," कॅप्टन म्हणाला. "एकच विचारतो. थोरला म्हणजे काय?"

रत्नायकने खांबाकडे पाहिलं. हवालदाराकडे पाहिलं. आपल्याला कशात अडकवतायत, एवढाच विचार त्या माणसाच्या डोक्यात धावत होता. पोडीमेनिकेला तो धावताना दिसत होता. ती म्हणाली, "रत्नायक महत्तया, जनावराचं विचार—" आणि शिपायाचा पंजा तिच्या तोंडावर पडला.

"मला कोणी थोरला माहीत नाही, महत्तया," रत्नायक भराभरा म्हणाला. "आमच्या दुकानाचा कोणाशी संबंध नाही. मी तांदूळ दिला नाही, त्यांनी नेला. हा शब्दच मी कधी ऐकलेला नाही. भगवान बुद्धाची शपथ."

कॅप्टनने सुस्कारा सोडला. त्याला खरंच वाईट वाटलं असावं.

"सबंध गावात एक शब्द आहे," तो पोडीमेनिकेला म्हणाला, "आणि तो फक्त तुम्हा दोघा बहीणभावांना माहीत आहे."

ती पंजाला कडकडून चावली. सुटली, तशी तिने खांबाला मिठी घातली. "हत्ती, हत्ती, हत्ती," ती ओरडत राहिली, जन्मभर न बोललेलं सगळं एका दमात. हवालदाराने बंदुकीचा दस्ता तिच्या खांद्यात हाणला. हाड वाजलं. दुसरा बरगडीत बसला. तिला फरफटत बाहेर काढलं, तेव्हा उक्कुबंडा मागून म्हणत होता, "नाव नको, अक्का, पुरे. पुरे झालं." शिवलेल्या ओठातून ते नीट बाहेर पडत नव्हतं.

जीपमध्ये डॉक्टर महत्तया तिच्यासमोर बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुलावर तिघं होते. वरचे दोघं कोण ते कधीच कळलं नाही. खालचा तिने पायांवरून ओळखला, कारण टायरच्या आगीत कमरेच्या वरचं काही ओळखण्यासारखं उरलं नव्हतं. ती एका हाताने ओढत होती, दुसरा खांद्यातून लटकला होता. लोक दारं किलकिली करून बघत होते आणि लावून घेत होते. पिंपळाखालून एक माणूस येताना दिसला. डॉक्टर महत्तया होते, दवाखान्याचं स्ट्रेचर काखेत घेऊन एकटेच चालत आलेले. त्यांनी पायांकडची बाजू तिला दिली, डोक्याकडची स्वतः घेतली. वाटेत एकदा ते म्हणाले, "मी बोललो असतो, पण..."

"चाला महत्तया," ती म्हणाली. "जड आहे."

मयताची पांढरी निशाणं लावायची नाहीत, भिक्खूंना बोलवायचं नाही, गर्दी करायची नाही, असा रानातल्यांचाही हुकूम होता आणि लष्कराचाही. तेवढ्या एका बाबतीत दोघांचं एकमत. गर्दी करायला येणार तरी कोण होतं? तळ्यामागच्या माळावर दोघांनीच खड्डा खणला. डॉक्टर महत्तयांच्या हातांना फोड आले.

मग गाव शहाणं झालं. रत्नायकनेच पहिल्यांदा दुकानाच्या पायरीवर उभं राहून सगळ्यांना बजावलं: यापुढे हत्तीला हत्ती म्हणायचं. साफ, मोठ्याने. उगाच कोणाचा गैरसमज नको. आयाबाया पोरांना घरात घोकवायला लागल्या. म्हाताऱ्यांनी आधी कानांत बोटं घातली, मग त्यांचीही सवय मोडली. तिन्हीसांजेला माळ्यांवरून आरोळ्या उठायच्या, "हत्ती, हत्ती आला," आणि छावणीतले शिपाई ऐकून आपले पत्ते पुढे खेळायचे. कोणी गोळी झाडली नाही. शहाणपणच म्हणायचं ते.

त्या हंगामात तो रोज आला. वरच्या कालव्याने उतरायचा आणि पहाटे पोट भरून जायचा. नाव घेतल्यामुळे आला, की राखणीला उक्कुबंडासारखा कोणी उरला नव्हता म्हणून, हे आता कोण सांगणार? रत्नायकचं भात गेलं, डॉक्टर महत्तयांचा अर्धा वाटा गेला. पोडीमेनिका कोणाला चांगलं बोलली नाही आणि वाईटही बोलली नाही. खांदा वाकडा सांधला गेला. ती झाडायची, सुया उकळायची. डॉक्टर महत्तयांनी काही मागितलं की हातात द्यायची, आणि त्यांच्या तोंडाकडे बघायची नाही.

एका सकाळी वरच्या कालव्याकडच्या मुदलीहामीला खाटेवर घालून आणलं. साठीचा राखणदार, गळपट्टीचं हाड मोडलेलं, पाठ सोलून निघालेली. बाहेर बाकावर छावणीतला एक शिपाई तापाने कण्हत बसला होता, बंदूक मांडीवर आडवी.

"काय झालं, सिय्या?" पोडीमेनिकेने विचारलं. म्हाताऱ्याला सगळं गाव आजोबाच म्हणायचं.

"काय व्हायचंय? हत्तीने उडवला."

ती पाठ पुसत होती. हात थांबला. "कोणी?"

म्हाताऱ्याने डोळ्याच्या कोपऱ्यातून बाकाकडे पाहिलं. "हत्तीने, म्हटलं ना."

"कोणी, सिय्या?"

"अगं, हत्ती. बहिरी झालीस का?"

तिने पुन्हा विचारलं नाही. फडकं पिळलं.

डॉक्टर महत्तया कपाटाकडे तोंड करून पट्टी शोधत होते. ते म्हणाले, "थोरला म्हण, मुदलीहामी. भात उभं आहे अजून."

बाकावरच्या शिपायाने मान वर केली.

डॉक्टर महत्तया वळले. हातातली पट्टी निम्मी उलगडून खाली लोंबत होती. त्या शिपायाकडे बघत, त्याला नीट ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी ते पुन्हा म्हटलं. "थोरला. आमच्याकडे हत्तीला थोरला म्हणतात."

शिपाई तापलेल्या डोळ्यांनी थोडा वेळ बघत राहिला आणि मग त्याने मान खाली घातली. त्याला त्यातलं काही कळलं नव्हतं.

पोडीमेनिकेने लोंबणारी पट्टी उचलून त्यांच्या हातात दिली आणि गरम पाणी आणायला मागच्या चुलीकडे गेली. पाणी उकळून खळखळलं, तरी ती बराच वेळ आत आली नाही. आणि आत कोणी तिला हाक मारली नाही.